पत्रा, कवेलू, स्लॅब आणि ऊन

विदर्भात किंवा मराठवाड्यात घर बांधायला काढलं की छपराबद्दल पहिला प्रश्न निघतो तो गळण्याचा. पत्रा किती वर्षांनी गंजेल, स्लॅबमध्ये पाणी मुरणार नाही ना, कोब्याला ढाळ किती द्यायचा, पन्हळ कुठल्या बाजूला काढायची. मिस्त्री याच प्रश्नांची उत्तरं देतो, दुकानदारही याच प्रश्नांवर माल विकतो. हे प्रश्न योग्यच आहेत, कारण गळक्या घराचे हाल ज्याचे त्यालाच कळतात. पण नागपूरला वर्षातून पन्नास-साठ दिवसच काय तो नाव घेण्याजोगा पाऊस पडतो, आणि अकोल्याला त्याहूनही कमी. उरलेले तीनशे दिवस त्या छपरावर ऊन पडत असतं. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंश तर तिथे दर उन्हाळ्याला ठरलेलेच. अशा मुलखात छप्पर फक्त पावसाचा विचार करून निवडायचं आणि उन्हाचा बंदोबस्त नंतर कूलर, पंखा, एसी यांच्यावर सोपवायचा, हा क्रमच उलटा आहे. उन्हाला पहिला निकष मानलं की निवडीचं सगळं चित्र पालटतं. मग पत्रा की स्लॅब, या वादापेक्षा छपराचा वरचा पृष्ठभाग कसा आहे आणि त्याच्या खाली काय आहे, याला जास्त किंमत येते. आणि सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत आधी करण्याजोगा ठरतो: छप्पर पांढरं करणं.

थोडा हिशेब करून पाहू. उन्हाळ्यात भर दुपारी सपाट छताच्या एका चौरस मीटरवर साधारण ९५० ते १००० वॅट एवढी ऊर्जा पडते. दहा बाय वीस फुटांच्या खोलीचं छत जवळपास साडेअठरा चौरस मीटर भरतं. म्हणजे एक-एक किलोवॅटच्या अठरा शेगड्या छतावर एकदम पेटवून ठेवाव्यात, तेवढी ही उष्णता. ती सगळी घरात येत नाही. काही भाग वारा नेतो, काही छत स्वतःच आकाशाकडे फेकतं, काही भाग मुळातच परावर्तित होतो. छत किती तापणार हे दोन गुणांवर ठरतं. पहिला, पडलेल्या उन्हातलं किती ते परत फेकतं. दुसरा, तापल्यावर आपली उष्णता ते किती सहज बाहेर सोडतं. जुनं, काळवंडलेलं सिमेंटचं छत ऊन पडतं त्यातलं सत्तर टक्के तरी शोषून घेतं. ताजा चुना दिलेलं छत पंचवीस-तीस टक्केच शोषतं. बाहेरची हवा ४३ अंशांची आणि वारा बेताचा असेल, तर पहिल्याचा पृष्ठभाग गणिताने सत्तर अंशांच्या आसपास जातो आणि दुसरा पन्नाशीच्या आगेमागे थांबतो. एवढा वीसेक अंशांचा फरक केवळ वरच्या कातडीने पडतो. खालचं साहित्य तेच, जाडी तीच, गवंडीही तोच.

इथे पत्र्याबद्दलचा एक पक्का गैरसमज आडवा येतो. नवा जस्ताचा पत्रा चांदीसारखा चमकतो, म्हणून तो ऊन परतवत असणार आणि थंड राहत असणार, असं सगळेच धरून चालतात. पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे, दुसरी नाही. चकचकीत धातू ऊन परतवतो खरा, पण जे थोडं शोषतो ते सोडायला फार नाखूश असतो. उष्णतेच्या किरणांच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकण्याची त्याची ताकद पांढऱ्या रंगाच्या पाव हिश्शाएवढीही नसते. म्हणून पांढरा रंग दिलेला पत्रा आणि नुसता चमकता पत्रा शेजारी शेजारी उन्हात ठेवले, तर हात रंगाच्या पत्र्यावर टेकवता येतो, चमकत्या पत्र्यावर टेकवत नाही. वर्षा-दोन वर्षांत चमक गेली, धूळ बसली, गंज धरला की परतवण्याचा गुणही जातो. मग खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर दुपारी साठ-पासष्ट अंशांचा तवा असतो. पंखा लावला तर तो त्या तव्याखालची हवाच खाली ढकलतो. म्हणून पत्र्याच्या घरात भर दुपारी पंख्याखाली बसण्यापेक्षा बाहेर लिंबाखाली बसलेलं बरं वाटतं. हा मनाचा खेळ नाही. अंगाला लागणारी उष्णता हवेतून येते तेवढीच वरच्या तापलेल्या पृष्ठभागाच्या किरणांतूनही येते, आणि कूलर हवा थंड करू शकतो, ते किरण अडवू शकत नाही.

गावांतल्या लोकांना हे ठाऊक आहे, पुस्तकातून नव्हे, अनुभवातून. विदर्भात मार्च लागला की पत्र्यांवर पऱ्हाट्या, तुराट्या, कडबा चढतो, कुठे गोणपाट पसरलं जातं, कुठे पत्र्याखाली जुन्या साड्यांचं किंवा ताडपत्रीचं छत ताणलं जातं. त्यामागचं शास्त्र चोख आहे. वरच्या पऱ्हाट्या सावली धरतात आणि त्यांच्या फटींतून वारा खेळतो, तर खालची साडी तापलेल्या पत्र्याचे किरण आणि अंग यांच्यामध्ये आडोसा घालते. पण वाळक्या पऱ्हाट्यांना ठिणगी लागली तर पूर्ण वस्ती धोक्यात येते, आणि वाऱ्या-वादळात त्या उडतात. एका गोष्टीचं श्रेय मात्र पत्र्याला द्यायलाच हवं. तो पातळ असल्यामुळे ऊन उतरलं की तासाभरात निवतो. दिवसभर शेतावर किंवा कामावर असणाऱ्या आणि घरात रात्रीच टेकणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा गुण छोटा नाही.

स्लॅबचं याच्या नेमकं उलट आहे. सहा इंची काँक्रीट दुपारची उष्णता पोटात साठवतं आणि चार-पाच तासांनी खोलीत सोडायला लागतं. दुपारी तीनला जे ऊन वर पडलं, ते रात्री आठला छताच्या खालच्या अंगाने घरात उतरतं. म्हणून स्लॅबच्या घरात दुपार एकवेळ निभते, पण रात्री दहा-अकरापर्यंत गादी तापलेली राहते आणि माणसं गच्चीवर झोपायला जातात. त्यांना खाली झोपू न देणारी उष्णता त्याच गच्चीतून खाली उतरत असते. छतातून उष्णता किती सहज उतरते, हे मोजायला अभियंते एक आकडा वापरतात: आतबाहेर एका अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे किती वॅट आत येतात. उघड्या स्लॅबचा हा आकडा ३च्या वरच असतो, नुसत्या पत्र्याचा ५च्या जवळ. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी जी 'इको निवास संहिता' काढली, तिने छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा घातली. म्हणजे आपण प्रतिष्ठेची खूण म्हणून जो उघडा स्लॅब टाकतो, तो या मर्यादेच्या अडीच-तीन पट ढिला आहे. गावात 'पक्कं घर' म्हणजे स्लॅबचं घर, हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की त्या पक्क्या घरात मे महिन्यातल्या रात्री झोप लागते का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

पूर्वीची छपरं याहून शहाणी होती, हे सांगायला कुणी ना कुणी लगेच पुढे येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कवेलूच्या छपरात हजारो फटी असतात, त्यांतून तापलेली हवा वर निघून जाते. भाजलेली माती धातूसारखी झटकन उष्णता खाली पोचवत नाही, आणि उतरत्या छपराखालचा माळा मधल्या गादीचं काम करतो. १८६५ मध्ये बाझल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर यंत्राची कौलं पश्चिम किनाऱ्यावर पसरली, त्यांचंही तेच. मग लोकांनी कवेलू का सोडलं? अडाणीपणाने खचितच नाही. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस लागतो, आणि तो आता मिळत नाही किंवा त्याची मजुरी परवडत नाही. कवेलू थापणारे कुंभार उरले नाहीत. आढ्याला, वाशांना लागणारं सागवान आणि बांबू महागले. आणि माकडं. विदर्भातल्या कुठल्याही गावात विचारा, वानरांची टोळी एका दुपारी घरावरून उड्या मारत गेली की निम्म्या छपराचा चुरा होतो. बाईमाणसाने दर पावसाळ्यात घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यात भांडी मांडत राहावं, ही अपेक्षा कोणत्याही पर्यावरणप्रेमाच्या नावाखाली करता येणार नाही. जिथे कारागीर आहेत, लाकूड आहे आणि वानरांचा जाच नाही, तिथे कौलं जरूर ठेवावीत. इतरांना 'कवेलूकडे परता' असं सांगणं म्हणजे त्यांचं दुखणं न ऐकता औषध देणं.

माळवदाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. मराठवाड्यातली धाब्याची घरं उन्हाळ्यात थंड असत, कारण तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर असे. तो थर दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत आत पोचूच देत नसे. पाऊस मुरू नये म्हणून दरवर्षी नवी माती चढे, आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराचं वजन वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावांत हीच मातीची छपरं आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसं गेली. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी भिंती बांधून घेण्याबरोबरच छतावरची माती कमी करायला सांगितलं. त्यानंतर तिथल्या माणसांनी माळवद टाकून पत्रा पत्करला असेल, तर त्या निवडीमागे मेलेल्यांची आठवण आहे. तिला उष्णतेच्या आकडेमोडीने उत्तर देता येत नाही. त्यातून निघणारी शिकवण मात्र उपयोगाची आहे. छताला थंडावा वजनातून मिळवायची गरज नाही. जे काम फूटभर माती करत होती, त्यातला मोठा भाग कागदाएवढ्या जाडीचा पांढरा थर करू शकतो, कारण माती उष्णता आत शिरल्यावर तिला अडवते आणि पांढरा थर तिला दारातूनच परत पाठवतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतली सुमारे ३,००० छतं चुन्याने पांढरी करायचं काम हाती घेतलं. तिथे महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संस्थांनी वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन हे काम पुढे नेलं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं, कारण दुपारभर त्या छताखाली असतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं. पांढऱ्या छतामुळे आतलं तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरतं, असा तिथला अनुभव. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणाने स्वतंत्र 'शीतल छत' धोरणच जाहीर केलं: सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती, ६०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या निवासी भूखंडांनाही सक्ती, आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छतं थंड करण्याचं उद्दिष्ट. चंद्रपूर-गडचिरोलीची सीमा ज्या राज्याला लागून आहे, त्या राज्याने हे केलं. ऊन दोन्हीकडे सारखंच आहे.

चुन्याचं काम कसं करायचं हे जरा तपशिलात सांगायला हवं, कारण बिघडतं ते इथेच. चुनकळी आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायची, ती उकळून फुटली की रात्रभर निवू द्यायची आणि सकाळी फडक्याने गाळायची. त्यात पांढरं सिमेंट आणि थोडा गोंद मिसळला तर थर हाताला लागत नाही. छत आधी खराट्याने झाडून, धुऊन, शेवाळ खरवडून घ्यायचं. भेगा असतील तर त्या आधी भरायच्या, नाहीतर चुना भेगा झाकतो आणि गळती पावसाळ्यात कळते. छत ओलसर असतानाच पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करायचं. भर दुपारी तापलेल्या छतावर चुना लावला तर तो पकडण्याआधीच वाळतो आणि पापुद्रे धरून उडतो. पत्र्यावर मात्र हा चुना टिकत नाही. तिथे गंज घासून, धातूचा प्रायमर देऊन मग बाहेरच्या कामाचा पांढरा ॲक्रिलिक रंगच द्यावा लागतो. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरावी, आणि तो कोरडा घासू नये, कापू नये. त्याचे तंतू छातीत गेले की वर्षानुवर्षांनी जिवावर बेततं. अनेक देशांनी ते साहित्य बंद केलंय. आपल्याकडे ते अजून छपरांवर आहे. पाणी मारून ओला करावा, हलक्या हाताने पुसावा आणि वरून रंग द्यावा, एवढंच.

याला पहिला आक्षेप धुळीचा असतो, आणि तो खरा आहे. पांढरं छत पांढरं राहत नाही. पहिल्याच वर्षात त्याचा परतवण्याचा गुण बऱ्यापैकी उतरतो, आणि औष्णिक केंद्रांच्या राखेच्या पट्ट्यात तर आणखीच झपाट्याने. पावसाने थोडी धूळ जाते, पण चुनाही जातो. म्हणून हे काम एकदा करून मोकळं व्हायचं नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीला घराच्या भिंतींना रंग लावायची रीत आहे. छताला चुना लावायचा मुहूर्त मात्र फाल्गुनात, होळी ते गुढीपाडवा या दिवसांत धरला पाहिजे, म्हणजे कडाक्याचे तीन महिने तो ताजा मिळतो. दुसरा आक्षेप थंडीचा. विदर्भात थंडी पडते हे कबूल, पण तेव्हा सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो आणि छतावर पडणारं ऊनच कमी असतं, त्यामुळे पांढऱ्या रंगाने गमावण्यासारखंही फारसं नसतं. थंडीत एक गोधडी जास्त घेता येते, पण मे महिन्यात अंगावरून उतरवायला काही उरत नाही. महाबळेश्वरला मी हा सल्ला देणार नाही. तिसरा आक्षेप, पांढऱ्या छताची तिरीप शेजारच्या उंच इमारतीत जाते. शहरात हे होतं. तिथे फिकट पिवळा किंवा करडा पण उन्हातला अदृश्य भाग परतवणारा रंग वापरता येतो. सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांत असतो, त्यामुळे हे रंग दिसायला पांढरे नसूनही बऱ्यापैकी थंड राहतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: पांढऱ्या रंगापेक्षा इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक थर, जास्त काम करत नाही का? करतो. वीस चौरस मीटरचा स्लॅब, आत एसीने राखलेले २८ अंश आणि वर आधी धरलेलंच ऊन घेऊन सरळ गणित केलं, तर उघड्या काळवंडलेल्या छतातून तीनेक किलोवॅट उष्णता उतरते. नुसता चुना लावला तर ती सुमारे १.६ किलोवॅटवर येते. रंग तोच ठेवून १.२च्या मर्यादेत बसेल एवढा रोधक थर घातला तर १.१ वर, आणि दोन्ही केलं तर ०.६च्या खाली. काँक्रीटच्या साठवणुकीमुळे प्रत्यक्षात कळस थोडा खाली आणि उशिरा येतो, पण प्रमाण हेच. म्हणून जिथे रोज एसी चालतो, त्या घराने, दवाखान्याने, कार्यालयाने दोन्ही करावं, आणि रोधक थर स्लॅबच्या वर घालावा, म्हणजे काँक्रीट मुळात तापणारच नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा आपण गळतीसाठी करतोच. त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या फरशा बसवल्या तर एकाच खर्चात पाणी आणि ऊन दोन्ही अडतात, आणि फरशी दरवर्षी रंगवावी लागत नाही, धुतली की पुरे. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींच्या अहमदाबादमधल्या 'संगाथ' या कार्यालयाच्या कमानदार छतांवर हाच पांढरा मोझॅक आहे. १९८० पासून तो अहमदाबादचं ऊन झेलतोय.

पण बहुतेक घरांत एसी नाही, आणि तिथे हिशेब बदलतो. नुसत्या रोधक थराच्या घरात खिडक्यांतून, भिंतींतून, चुलीतून आलेली उष्णता रात्री छतावाटे बाहेर जायला वाट राहत नाही. खिडक्या उघड्या ठेवायची सोय नसेल तर रात्र कोंदट होते. पांढऱ्या छतात हा तोटा नाही. दिवसा कमी घेतं, रात्री नेहमीसारखंच सोडतं. पत्र्याच्या घरात पांढरा रंग आणि त्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा प्लायचं छत, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो, अट एकच की पोकळीतली तापलेली हवा आढ्याशी ठेवलेल्या फटीतून बाहेर जायला हवी. सौर पॅनेलची भर यात चांगली पडते. खाली अर्धा-एक फूट मोकळी जागा ठेवून बसवलेलं पॅनेल वीज देतं आणि छतावर सावलीही धरतं. मात्र ते छताचा काही भागच झाकतं, उरलेल्या भागाला चुना लागतोच.

प्रश्न उरतो पैशाचा आणि मालकीचा. भाड्याच्या खोलीत राहणारा छताला हात लावू शकत नाही, आणि मालक त्या छताखाली झोपत नाही. ही गाठ रंगाने सुटणारी नाही, तिथे नगरपालिकेनेच पुढाकार घेऊन वस्त्यांची छतं रंगवायला हवीत, जशी ती नाल्या उपसते आणि धूरफवारणी करते. गावांत मात्र एक सोपी जागा हाताशी आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मैदानी प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजारांचं साहाय्य ठरलं आणि किमान २५ चौरस मीटरचं घर. पैसे हप्त्यांनी मिळतात आणि प्रत्येक टप्प्याला स्थाननोंदीसह फोटो चढवावा लागतो. एवढ्या छताला चुना, पांढरं सिमेंट आणि मजुरी धरून हजार-दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, म्हणजे साहाय्याच्या दीड-दोन टक्क्यांच्या आत. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या घरकुलांच्या शेवटच्या हप्त्याला समोरच्या दाराच्या फोटोसोबत पांढऱ्या छताचा एक फोटो मागायला आणि त्या खर्चाची रक्कम वेगळी द्यायला राज्य सरकारला नवा कायदा करावा लागणार नाही. एक शासन निर्णय पुरेल, आणि तो डिसेंबरपर्यंत निघाला तर येत्या फाल्गुनात लाखो छतांवर चुना चढू शकेल.